ठशातला प्राणी उलटा होतो तेव्हा

वन्यजीवांची छापचित्रं करायची असतील तर एक गोष्ट आधी मनात पक्की हवी. ठसा आणि त्याची छाप एकमेकांच्या उलट असतात. लिनोवर, म्हणजे ठसा कोरायच्या मऊ पट्टीवर, डावीकडे बघणारा प्राणी कागदावर उजवीकडे बघतो. फुलदाणीच्या चित्रात त्याने काही बिघडत नाही. प्राण्याच्या चित्रात मात्र बिघडतं, म्हणून आज सुरुवात तिथूनच करू.

वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येक वाघात वेगळे असतात. त्याच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून वाघांची मोजणी करताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. आता एखाद्या ओळखीच्या वाघिणीच्या डाव्या कुशीचा फोटो जसाच्या तसा लिनोवर उतरवला आणि छापला, तर कागदावर उजवी कूस दिसते, पण तिच्यावर डाव्या कुशीचे पट्टे असतात. असा वाघ कुठल्याच जंगलात नाही. बिबट्याचे ठिपके आणि कुबड्या व्हेलच्या शेपटीखालचे काळे-पांढरे डाग यांचंही तेच. न्यूझीलंडमध्ये रायबिल नावाचा छोटा पक्षी आहे, त्याची चोच टोकाशी नेहमी उजवीकडे वळलेली असते. नीट न उलटलेल्या ठशातून तो डाव्या चोचीचा होतो.

ही चूक थोरांकडूनही झाली आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५० मध्ये शंकूच्या आकाराच्या समुद्री शंखाचं एचिंग केलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून छाप काढली. प्रकाश आणि पोत इतके सुंदर, की बघत राहावं. पण पत्र्यावर शंख सरळ काढल्यामुळे छापीत त्याचा पीळ उलटा आला. सही मात्र त्याने काळजीपूर्वक उलटी कोरली होती, त्यामुळे ती सरळ वाचता येते. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१५ च्या गेंड्याची गोष्ट वेगळी. त्याने गेंडा पाहिलाच नव्हता. वर्णन आणि एका रेखाटनावरून लाकडी ठशासाठी चित्र काढताना खांद्यावर एक जास्तीचं शिंग आलं, आणि छापील प्रतींमुळे ते पुढे कितीतरी काळ लोकांच्या मनात राहिलं. छापाचं हेच सामर्थ्य आहे. एक चूक शेकडो घरांत जाते. संवर्धनासाठी चित्र करणाऱ्याने प्राणी अचूक दाखवायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

उपाय सोपा आहे. ट्रेसिंग पेपरवर २बी ते ४बी पेन्सिलीने रेषाचित्र काढा. मग कागद पालथा घाला, म्हणजे पेन्सिलीची बाजू लिनोला टेकेल, आणि पाठीवरून चमच्याच्या पोटाने घासा. लिनोवर उलटं चित्र उमटतं, ते छापल्यावर सुलट होतं. कार्बन पेपर घालून वरून गिरवलं तर मात्र चित्र लिनोवर सुलट आणि कागदावर उलटं येतं. बहुतेक घोटाळे इथेच होतात. कोरण्यापूर्वी लिनोसमोर छोटा आरसा धरा आणि आरशातलं चित्र मूळ फोटोशी ताडून बघा. जुळलं की रेषा पक्क्या पेनाने गिरवा, नाहीतर हाताच्या घर्षणाने पेन्सिल पुसली जाते. स्पिरिटच्या शाईचा मार्कर मात्र टाळा, त्याचा रंग पहिल्या काही प्रतींत झिरपून वर येतो.

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा किंवा लाकडाचा भुसा, राळ आणि मागे तागाचं कापड. ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, करड्या रंगाचं लिनो कोरायला चांगलं. जुनं झालं की कडक होतं आणि कोरताना कडा तुटतात. अशा वेळी दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा केस वाळवायच्या यंत्राने कोमट करा. कोरण्याआधी पाण्यात कालवलेल्या शाईचा पातळ हात पृष्ठभागावर फिरवला, तर प्रत्येक कापलेली रेषा गडद जमिनीवर उजळ दिसते आणि किती पांढरं झालंय याचा अंदाज राहतो.

कोरताना डोळ्यापासून सुरुवात करा. डोळ्यातला चमकीचा ठिपका सर्वांत बारीक व्ही कोरणीने, म्हणजे इंग्रजी V आकाराच्या पात्याच्या कोरणीने, काढायचा. तिथे चुकलं तर पाच मिनिटांचं काम वाया जातं. शेवटी चुकलं तर सगळा ठसा वाया जातो. मग केस. व्ही कोरणी केसाच्या मुळाकडून टोकाकडे चालवा आणि शेवटी मूठ हळूहळू खाली झुकवत पातं उचला, म्हणजे रेषा निमुळती होते. नाकाड्यावर केस आखूड, गालावर आणि मानेवर लांब, खांद्याच्या हाडावरून ते वळतात. हा वळसा चुकला की अंगाखाली हाडं नाहीत असं वाटतं. पट्ट्यांच्या कडा फितीसारख्या गुळगुळीत ठेवू नका. फिकट केस काळ्या पट्ट्यावर चढतात, तेव्हा कड दातेरी करायची. आणि प्रत्येक केस कोरायचा मोह आवरा. सावलीचा भाग अखंड काळा राहिला तरच उजेडातले केस दिसतात.

पक्ष्यांमध्ये बोटं मोजा. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. सुतार पक्षी आणि पोपट यांची दोन पुढे, दोन मागे. घुबड बाहेरचं बोट पुढेमागे फिरवू शकतं.

कोरीव खोली साधारण १ ते दीड मिलिमीटर पुरते, मोठ्या पांढऱ्या जागी २ पर्यंत. तागापर्यंत जाऊ नका. रेषेच्या दोन्ही बाजू बाहेर उतरत्या ठेवा. कोरणी आत झुकली तर रेषेखालचा आधार जातो आणि छापताना ती मोडते. मोकळ्या जागेत उरलेले उंचवटे शाई धरतात. ते पुसत बसण्यापेक्षा आधीच गवताच्या किंवा वाऱ्याच्या दिशेने कोरलेले बरे, उमटले तरी शोभतात. डावा हात कायम पात्याच्या मागे. बोथट कोरणीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, म्हणून दर अर्ध्या तासाने चामड्यावर धार लावा.

शाई काचेवर पातळ पसरवा. रोलर फिरवताना मऊ, बारीक चरचर ऐकू आली तर थर बरोबर. चिकट फटफट आवाज आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत म्हणजे शाई जास्त, मग केसांच्या रेषा बुजणार. मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे शाई कमी. पहिल्या दोन-तीन प्रती ठसा भिजण्यातच जातात. हाताने घासून छापायचं तर चौरस मीटरला ४० ते ६० ग्रॅम वजनाचा, लांब धाग्यांचा जपानी कागद घ्या. जाड कागदाला प्रेस लागते.

माशांच्या जपानी छापांत, म्हणजे ग्योताकूमध्ये, हाच प्रश्न फार सुंदर सुटला आहे. मिठाने चिकटा काढून मासा कोरडा करायचा, पर खालून मातीने किंवा पुठ्ठ्याने टेकवायचे, थेट माशावर शाई लावून कागद दाबायचा. डोळा वगळून ठेवतात आणि नंतर कुंचल्याने काढतात. ही थेट पद्धत माशाला उलटवते. चपट्या माशांमध्ये हे चालत नाही, कारण डोळे कुठल्या बाजूला आहेत यावरूनही त्यांची जात ओळखतात. त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे. ओलसर कागद माशावर चिकटवायचा आणि रेशमी बोळ्याने वरून रंग टिपायचा. मासा सुलट राहतो. वेळ खूप लागतो, पण खवल्यांची ओळ न् ओळ उमटते. जुन्या ग्योताकूंवर जागा आणि तारीख लिहिलेली असल्याने संशोधकांनी माशांच्या पूर्वीच्या वास्तव्याच्या नोंदी म्हणून त्यांचा उपयोग केला आहे. म्हणून प्रत्येक प्रतीच्या समासात पेन्सिलीने शास्त्रीय नाव, ठिकाण आणि तारीख लिहा.

आता मोरीकडे वळू. पाणमांजराचं चित्र छापून त्याच्याच पाण्यात घाण सोडणं पटत नाही. तेलाची शाई आधी चिंधीने कोरडी पुसा, मग खाद्यतेल, मग साबण. ॲक्रिलिक शाई म्हणजे प्लास्टिकच, तीही धुण्याआधी पुसून काढा. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग करू नका. तेल हवेत वाळताना उष्णता निर्माण करतं आणि बोळे आपोआप पेटू शकतात. एकेक चिंधी पसरून वाळवा किंवा पाणी घालून पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. तांब्याचं एचिंग करणाऱ्यांनी वापरलेलं फेरिक क्लोराइड, म्हणजे तांब्याचा पत्रा खोदणारं रसायन, गटारात कधीही ओतू नये. त्यात विरघळलेलं तांबं अगदी थोड्या प्रमाणातही मासे आणि पाण्यातले बारीक जीव मारतं. ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, वर चिठ्ठी लावा आणि घातक रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.