ठिबकाचा हिशेब आणि मामींची वही

नमस्कार, श्रोतेहो. भाजीच्या शेतात ठिबकाचे पैसे वसूल होतात का, आज एवढंच बोलू.

ठिबकानं पाणी वाचतं हे शाळेतलं पोरही सांगेल. पण वाचलेल्या पाण्याचे पैसे खिशात येतात का? आपल्या इंदूरकडे शेतीपंपाचं बिल बहुतेक ठिकाणी हॉर्सपॉवरवर बांधलेलं असतं. मोटर दोन तास चालवा की सहा, बिल तेच. मग फरक पडतो कुठे? मजुरीत, खतात आणि मंडीतल्या भावात. पुन्हा सांगतो: मजुरी, खत, भाव.

आता आमच्या मामांची गोष्ट ऐका. इंदूरजवळ सांवेरकडे त्यांची जमीन आहे. अनुदान मिळतंय म्हटल्यावर त्यांनी एकरभर टोमॅटोला ठिबक बसवलं. केंद्राच्या योजनेत लहान आणि सीमांत शेतकऱ्याला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५. तेही सरकारनं ठरवलेल्या खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. चार-चार फुटांवर ओळी धरल्या तर एकराला साधारण ३,३०० मीटर नळी लागते. बारा फुटांवरच्या फळबागेला याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. भाजीचं ठिबक महाग पडतं ते यामुळे.

हंगाम संपला, मामा खूश. हिशेब मात्र मामींकडे. लाल कापडी पुठ्ठ्याची वही. दर शनिवारी मजुरी चुकती झाली की तिच्यात आकडा पडणार म्हणजे पडणार. त्यांनी गेल्या सालाचं आणि यंदाचं पान शेजारी-शेजारी धरलं आणि विचारलं, "अहो, निंदणीची मजुरी तेवढीच कशी?"

प्रश्न बिनतोड होता. ठिबकात ओल रोपाच्या बुडाशी राहते, मधली सरी कोरडी. कोरड्या सरीत एवढं तण आलं कुठून?

मामांनी हिवाळ्यातल्या पावसावर ढकललं, "मावठा झाला असेल."

"पाच वेळा?"

पुढच्या पिकाला मामी टॉर्च घेऊन रात्री शेतावर गेल्या. आपल्याकडे शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीच येते, तुम्हाला ठाऊकच आहे. बघतात तर काय, एकीकडे ठिबक थेंब टाकतंय आणि दुसरीकडे मामांचा जुना सालदार, कानाला मफलर गुंडाळून, फावड्यानं बारं फोडतोय आणि सरीत पाटाचं पाणी सोडतोय! मामींना बघून ओशाळला नाही. उलट म्हणाला, "बाई, हे चमच्यानं दूध पाजणं झालं. पिकाचं पोट कसं भरायचं?" मालकाचं पीक उपाशी राहू नये म्हणून तो रात्री चोरून पाणी देत होता!

मामी भांडल्या नाहीत. काही ओळींचा पाट आठवडाभर बंद ठेवायला लावला आणि मग त्याच्यासमोर खुरप्यानं माती उकरली. वर बोटभर माती कोरडी, भेगाळलेली. खाली वीतभर काळी ओली, मुठीत दाबली की बोटांना चिकटणारी, आणि तिच्यात पांढऱ्या मुळ्यांचं जाळं. गडी बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग पोटातलं ओठावर आलं: "पाणी नळीच देणार, तर मला कोण ठेवणार?"

मजुरी वाचते ती कुणाची तरी जातेच ना. मामींनी त्याला गाळणी सोपवली. रोज गाळणी उलट धुवायची, आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडायचा. आपल्या बोअरचं पाणी जड. बादलीला बसतो तोच पांढरा थर ड्रिपरमध्ये, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोंडात, बसतो, त्यासाठी अधूनमधून आम्ल सोडावं लागतं. गड्याचा पगारही थोडा वाढवला. पुढे निंदणीचा आकडा खाली आला, तो वहीत मी स्वतः पाहिलाय.

खताचं थोडक्यात सांगतो. विरघळणारं खत गोणीतल्या खतापेक्षा महाग, पण ते थेट मुळाशी जातं, म्हणून कमी लागतं. आणि भाव? टोमॅटोला कधी तुडुंब पाणी, कधी ताण, असं झालं की फळ तडकतं. तडकलेल्या मालाचं कॅरेट इंदूरच्या चोइथराम मंडीत पडेल भावात द्यावं लागतं. ठिबकात ओल एकसारखी राहते, माल एकसारखा निघतो.

वाचलेलं पाणी पैसा देतं ते मार्चनंतर. बोअर दम टाकायला लागतो, शेजाऱ्याचं रान मोकळं पडतं आणि तुमची गिलकी, भेंडी उभी असते. तसं पाणी वाचवायचा उपदेश शेतकऱ्यालाच का करतात कोण जाणे! नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी घाट चढवून इंदुरात आणायचं आणि शहरातल्या लोकांनी त्यानं अंगणातल्या गाड्या धुवायच्या, त्यांना कोण बोलतं?

मेथी, पालक, कोथिंबीर यांना मात्र नळीच्या फंदात पडू नका. दाट फोकलेलं पीक ते; तिथे तुषार किंवा साधे वाफेच बरे. म्हणजे जुडीमागे पाणी जास्तच जातं. आणि आपण भाजीवाल्याकडे ती कोथिंबीरच फुकट मागतो! बंद करा हो ते.

वर्षाला दोन-तीन वेली किंवा फळभाज्या घेत असाल, तर जरूर बसवा. जपून वापरली तर नळी पाच-सात वर्षं जाते, खर्च तेवढ्या पिकांवर वाटला जातो. बसवण्याआधी बोअरचं पाणी तपासून घ्या, आणि दुकानदाराला नळीचा भाव नंतर विचारा, गाळणीचा आधी. नमस्कार.