हातपंपाचा आकडा

[पहाट. गणेशपेठ बसस्थानक. पांढरकवड्याच्या गाडीची पाटी.]

तिच्या पिशवीत अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या आहेत. सगळ्या प्लॅस्टिकच्या, कारण फ्लोराइड मोजायचं तर पाण्याचा नमुना काचेत ठेवत नाहीत. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या आहेत, पण अजून कोऱ्या.

ती नागपूरची. एम.एस्सी. इथेच केली, आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करतेय. तिसरं वर्ष. नमुने घ्यायला महिनाभरासाठी घरी आलीय. तिच्या आजीला अजूनही एकच काळजी आहे. "तिथं काय खाऊन राहिली वं तू?" काल रात्रीही आजीनं हेच विचारलं. संशोधनाबद्दल विचारलं नाही. पण सकाळी बाटल्या पुसून पिशवीत भरल्या त्या आजीनंच.

[चालती बस. खिडकीबाहेर कपाशीची शेतं.]

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही, खडकातून उतरलेलं आहे. पाण्यात कॅल्शियम कमी असलं की खडकातलं फ्लोराइड जास्त विरघळतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणापासून प्यायलं की दातांवर तपकिरी पट्टे येतात. आणखी वर्षं गेली की सांधे आखडतात, पाठ वाकते. अशा गावात शाळेतल्या मुलांना हसायला सांगितलं की काही मुलं तोंडावर हात धरतात. आमच्या कॅमेऱ्यासमोरही त्यांनी तो धरला, आणि आम्ही कॅमेरा खाली घेतला.

एम.एस्सी.च्या वेळी तिनं याच भागातल्या चाळीस हातपंपांचं पाणी तपासलं होतं. प्रबंध झाला, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग झालं, गुण चांगले मिळाले. ते आकडे घेऊनच ती जर्मनीला गेली.

पहिल्या दिवशी तिला कुणी यंत्राजवळ जाऊ दिलं नाही. आधी सुरक्षेचं प्रशिक्षण: डोळ्यांत आम्ल उडालं तर पाणी कुठे, आग लागली तर दार कुठलं. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या गटापुढे बोलायची वेळ आली. मार्गदर्शक बाईंना सगळे नावानं हाक मारत होते. तिच्या तोंडातून मात्र 'मॅडम'च निघत होतं, ते जायला वर्ष लागलं. तिनं चाळीस पंपांचा नकाशा दाखवला. पहिला प्रश्न पद्धतीवर येईल, कोरा नमुना, म्हणजे तुलनेसाठीचं फ्लोराइड नसलेलं शुद्ध पाणी, किती वेळा मोजला असं विचारतील, म्हणून ती त्याची तयारी करून गेली होती.

बाईंनी विचारलं, "या लोकांना त्यांचा आकडा सांगितलास का?"

[ती बोलते. पाठीमागे बसचा आवाज.]

"मी गप्प बसले. चाळीस पंप, त्यातले सतरा मर्यादेच्या वर. मला ते दोन वर्षांपासून माहीत होतं. पाणी पिणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं. त्या बाया मला चहा पाजायच्या, बाटली भरायला पंप हापसून द्यायच्या. मी गुण घेतले आणि निघून आले. त्या रात्री मी झोपले नाही."

परदेशातल्या संशोधनाबद्दल आम्ही विद्यार्थ्यांशी बोलायला लागलो, तेव्हा महागड्या उपकरणांच्या गोष्टी ऐकायला मिळतील असं वाटलं होतं. त्या मिळाल्याच. चार वाजता पडणारा अंधार, बंद दुकानांचा रविवार, व्हिसाच्या मुलाखतीसाठी विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई गाठणं, वडिलांनी काढलेलं कर्ज, हेही मिळालं. पण आमच्या मनात राहिला तो या मुलीचा गप्प बसण्याचा क्षण.

कारण नागपूरकडून विज्ञानासाठी वस्तू बाहेर जाणं नवीन नाही. 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. टाकळीच्या परिसरात त्यांनी जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला पोचली, आणि 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण मांगलीच्या माणसाला आपल्या गावच्या दगडात काय निघालं ते कोण सांगायला गेलं असेल?

आणि इथून बाहेर गेलेलं ज्ञानही इथल्यांना ठाऊक नसतं. तिच्या प्रयोगशाळेत इथिओपियाचा एक विद्यार्थी होता, रिफ्ट खोऱ्यातला. तिथेही फ्लोराइड, तिथेही मुलांचे दात तसेच. पाणी शुद्ध करायच्या एका पद्धतीबद्दल तो तावातावानं बोलायचा: पाण्यात चुना आणि तुरटी घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. स्वस्त आहे, पण तुरटी खूप लागते, गाळाचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि मात्रा चुकली तर पाण्यात अॅल्युमिनियम राहतं. ही 'नालगोंडा पद्धत'. नालगोंडा हे तेलंगणातल्या गावाचं नाव आहे हे त्याला माहीत नव्हतं. आणि ही पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केली, हे तिला! जिच्या भिंतीलगतच्या रस्त्यानं ती पाच वर्षं कॉलेजला गेली, त्या संस्थेचं काम तिला जर्मनीत, एका इथिओपियन मित्राकडून कळलं. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

[फोनच्या पडद्यावर एक तरुण. मागे वाळवंटी डोंगर.]

हा मुलगा अॅरिझोनात आहे. वडिलांची वर्धा जिल्ह्यात सहा एकर कपाशी. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं पोखरली, तेव्हा तो बी.एस्सी.ला होता. आता तो याच अळीवर काम करतो, अशा देशात जिथे ती शेतात सापडतच नाही. अमेरिकेनं 2018 मध्ये कपाशी पिकवणाऱ्या आपल्या सगळ्या भागांतून ती नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारं वाण, तिथेही होती. पण बीटी न पचवणाऱ्या अळ्याही टिकाव्यात आणि पचवणाऱ्यांचंच राज्य होऊ नये म्हणून शेजारी बिगर-बीटीचे आश्रयपट्टे लावले गेले, नंतर विमानातून वांझ केलेले पतंग सोडले, आणि हंगाम संपला की शेत मोकळं केलं. आपल्याकडे आश्रयपट्ट्याचं बियाणं बहुतेकदा बांधावरच राहिलं. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, शेतात ठेवून फरदडीचं जास्तीचं पीक घेतलं गेलं, अळीला वर्षभर खायला मिळालं, आणि ती बीटीला पुरून उरली.

"मी बाबांना कसं सांगू, फरदड घेऊ नका म्हणून? त्या चार क्विंटलवरच माझी फी भरली त्यांनी." हे बोलून तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, यंदा त्यांनी डिसेंबरात पऱ्हाटी उपटली. आपण सांगितलं म्हणून की भाव पडला म्हणून, ते त्यानं विचारलेलं नाही.

[दुपार. पांढरकवड्याजवळचं एक गाव. हातपंप.]

ती पहिली पाच मिनिटं पंप नुसता हापसते. नळीतलं साचलेलं पाणी जाऊ द्यायचं असतं. मग त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळते, काठोकाठ भरते. एका पंपाचे तीन नमुने. कोऱ्या चिठ्ठीवर गाव, वार्ड, तारीख, वेळ लिहिते. आणि खाली आणखी एक ओळ, जी एम.एस्सी.च्या चिठ्ठ्यांवर नव्हती: आकडा कोणाला सांगायचा.

घागर घेऊन उभी असलेली बाई विचारते, "मागंबी नेलं होतं न तुम्ही पानी?"

"हो, काकू. तेव्हाचा आकडा दोन पूर्णांक आठ. दीडच्या वर जायला नको. मी तेव्हाच यायला पाहिजे होतं."

बाई थोडा वेळ पंपाकडे बघते. "मंग आता पेवाव कोनतं?"

ती पिशवीतून जुना नकाशा काढून जमिनीवर पसरते. शाळेमागच्या पंपावर बोट ठेवते. तिथे आकडा शून्य पूर्णांक नऊ होता. पण तो जुना आहे, आज पुन्हा मोजावा लागेल.

"चाला," बाई घागर कमरेवर घेते. "म्या दाखवतो."