स्वस्त पंख्याचं बिल कोण भरतं?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ऐकून लगेच स्टेशन बदलू नका, विषय आहे सरकारी ऑफिसातली खरेदी, आणि तीसुद्धा पर्यावरणाचा विचार करून केलेली खरेदी. म्हणजे ५ जूनला गेटपाशी रोप लावून फोटो काढतात ते नव्हे हं, मी बोलतोय पंखे, प्रिंटर, कागदाची रिमं, टोनर याबद्दल. ऐकणाऱ्यांत भांडार शाखेतलं कुणी असेल तर त्यांनी जरा रेडिओचा आवाज वाढवावा.

साधा सिलिंग फॅन घ्या. जुन्या पद्धतीचा पंखा ७०-७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरवाला, तेवढंच वारं तिशीच्या आसपास वॉटमध्ये देतो. समजा ४५ वॉट वाचले, दिवसाचे आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला ९० युनिट. ऑफिसात चाळीस पंखे असले तर ३६०० युनिट झाले, दहा रुपये युनिट धरलं तर छत्तीस हजार रुपये, आणि हे दरवर्षी. नवा पंखा हजार-दीड हजाराने महाग पडतो खरा, पण दोन वर्षांच्या आत फरक वसूल. घरी आपण हा हिशोब लगेच करतो, मग ऑफिसात का होत नाही?

कारण अगदी साधं आहे आणि ते राज्याच्या बजेटच्या पुस्तकातच आहे. पंखा घेतात तो "१३ कार्यालयीन खर्च" या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या खात्यातून, आणि लाईटबिल जातं "०६ दूरध्वनी, वीज व पाणी देयके" मधून, म्हणजे दोन हेड, दोन नस्त्या (फायली) आणि बऱ्याचदा दोन वेगळी टेबलं. पंखा स्वस्तात घेतला की १३ वाला खूश, आणि पुढची दहा वर्षं बिल भरणारा ०६ वाला वेगळाच, त्याला पंखा कुणी घेतला तेही माहीत नसतं. घरात नवऱ्याने फ्रीज घ्यायचा आणि बिल सासऱ्यांनी भरायचं, तसला प्रकार.

आता लोक म्हणतात, काय करणार साहेब, एल-वन घ्यावाच लागतो, नाहीतर ऑडिट पॅरा, म्हणजे हिशेब तपासणीतला आक्षेप, निघतो. मला हे अर्धंच पटतं. एल-वन म्हणजे तुम्ही जे मागितलंय त्यातलं सगळ्यात स्वस्त. तुम्ही स्पेसिफिकेशनमध्ये "सिलिंग फॅन, १२०० एमएम, पांढरा, आयएसआय" एवढंच लिहिलं तर सगळ्यात स्वस्त ७५ वॉटवालाच येणार ना! तिथेच "बीईई पाच स्टार" असे तीन शब्द टाका (बीईई म्हणजे वीजबचतीचे स्टार ठरवणारी केंद्राची संस्था), मग पाच स्टारवाल्यांतला एल-वन घ्या. कंपनीचं नाव लिहायचं नाही, स्पर्धा राहते, पाच स्टार बनवणारे बरेच आहेत. पंख्यांवर स्टारचं लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचंच आहे, आणि केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत तर विजेची उपकरणं घेताना ठरवून दिलेलं किंवा त्याहून वरचं स्टार रेटिंग बघा असं सरळ लिहिलंय. स्टारचं बरंय, ते दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला कळतं. १९९१ साली पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंसाठी मडक्याचं चित्र असलेला इकोमार्क निघाला होता, आठवतोय कुणाला? नाही ना, तेच म्हणतोय.

प्रिंटरचंही तसंच. प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग हा त्या धंद्याचा जुना डाव, तेव्हा किंमत बघताना एका पानाचा खर्च मागा, दोन्ही बाजूंनी छापणारा मागा, आणि आल्या दिवशीच सेटिंग बदलून ठेवा, कारण नंतर कुणी बदलत नाही. जुनं मशीन परत घेण्याची अटही सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर बायबॅकने घालता येते. ही अट घातली नाही की काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल, जिन्याखाली बंद पडलेले सीपीयू आणि ते पाठीमागे फुगीर मॉनिटर एकावर एक, जडवस्तू नोंदवहीत नाव आहे म्हणून फेकता येत नाहीत, निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव कुठेतरी अडकलेला, आणि निर्लेखन झालं तरी गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येत नाही, ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हा माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलर यांच्याकडेच जायला हवा. मीटिंगमधल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांवर मी बोलत नाही, त्यावर सगळेच बोलतात, पाण्याचा एक जग आणि स्टीलचे ग्लास ठेवले की विषय संपतो.

खरी अडचण मार्चची आहे. तरतूद येते फेब्रुवारीत, ३१ मार्चच्या आत पैसे खर्च झाले नाहीत तर निधी व्यपगत, म्हणजे हातचा गेला, मग नवीन स्पेसिफिकेशन लिहायला कुणाला वेळ असतो, मागच्या वर्षीची नस्ती काढायची, तारीख बदलायची आणि पुढे ढकलायची, त्यात मागच्या वर्षीचा ७५ वॉटही तसाच पुढे जातो. म्हणून हे काम मार्चला करूच नका. जून-जुलैमध्ये जरा निवांत असतं, तेव्हाच स्पेसिफिकेशनचा कागद काढा, वीजबिल बघणाऱ्या माणसाला शेजारी बसवा, गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि साहेबांची सही घेऊन ठेवा. मग फेब्रुवारीत तरतूद आली की कॉपी करायचीच असली तर या कागदाची करा.