सीआरपी वाढलाय, पण कशामुळे?

ही जी नळी दिसतेय ना, तिच्यात जेमतेम चमचाभर रक्त आहे. मशीनमध्ये गरगर फिरवलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर उरतं ते पिवळसर पाणी, आपल्याला काम त्याच पाण्याशी आहे, सूज आली की वाढणारं सीआरपी नावाचं प्रथिन त्यातच मोजतात. पेशंटला स्ट्रोक येऊन काही तास झालेत, मेंदूतली एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झालीये, आणि तिकडे काय चाललंय याची चुगली हे पाणी करतंय. अर्धवट चुगली, बरं का.

होतं काय, रक्त मिळेना की मेंदूच्या पेशी मरायला लागतात, त्यांच्यातला ऐवज बाहेर सांडतो, आसपासच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी खडबडून जाग्या होतात आणि आयएल-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, तो लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला घेतं. म्हणजे भानगड डोक्यात आणि रिपोर्टातला आकडा लिव्हरचा! म्हणूनच तो मागाहून चढतो, साधारण दोन दिवसांनी टोकाला जातो.

आता जरा रक्तवाहिनीच्या आत शिरू. आतलं अस्तर, एंडोथेलियम, फक्त एका पेशीच्या जाडीचं. ठणठणीत असलं की ते नायट्रिक ऑक्साइड सोडत राहतं, नळी सैल राहते, प्लेटलेट चिकटत नाहीत. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पण सूज, म्हणजे हाच प्रतिकारशक्तीचा भडका, आली की हेच अस्तर अंगावर हुक काढतं, आयकॅम-१ त्यातलाच एक, आणि वाहत्या पांढऱ्या पेशी त्यात अडकायला लागतात. सोबत वॉन विलेब्रँड फॅक्टर, लांबच लांब दोऱ्यासारखा, प्लेटलेट पकडून ठेवणारा. हुकांचे तुटके तुकडे रक्तात येतात, तेच लॅबमध्ये मोजतात. एमएमपी-९ नावाचं एन्झाइम तर भिंतीचा गिलावाच कुरतडतं, मग बंद पडलेल्या भागात उलट रक्तस्राव व्हायची भीती.

मग सरळ हुकच झाकले तर? करून बघितलं की. एन्लिमोमॅब नावाचं औषध आयकॅम-१ वर बसायचं, २००१ मध्ये निकाल छापून आला, आणि औषध घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली. औषध उंदराच्या अँटीबॉडीपासूनचं, त्यानेच शरीर आणखी पेटलं असावं, असं एक स्पष्टीकरण. मला विचाराल तर यात आणखीही एक गोष्ट आहे, मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला सूज लागतेच, ती सरसकट शत्रू नाही.

आणि सीआरपी? १९३० मध्ये तो पहिल्यांदा सापडला तोच मुळी न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात. आजही घोळ तिथेच होतो, कारण स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांना नीट गिळता येत नाही, लाळ नाहीतर घास फुफ्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या नळीत आकडा उडी मारून वर गेलेला दिसला की डॉक्टर मेंदूचं पुढचं बोलायच्या आधी स्टेथोस्कोप काढतात आणि पेशंटची छाती ऐकतात.