भुईआवळा, उंदराचे यकृत आणि फवारणीचे औषध

श्रोतेहो, नमस्कार. कपाशीवर, तुरीवर फवारायच्या विषाला मराठवाड्यात सगळे ‘औषध’च म्हणतात. त्यावर बांधावरचा भुईआवळा उतारा होईल का, यकृत वाचवील का? प्रयोगशाळेत हे कसे तपासतात, ते सांगतो.

पानांखाली मण्यांसारखी फळे धरली की भुईआवळा उपटून सावलीत वाळवायचा. १०० ग्रॅम भुकटी एक लिटर ७० टक्के अल्कोहोलमध्ये तीन दिवस भिजवायची, गाळायची आणि अर्क ५० अंशांच्या आत आटवायचा.

प्राणी-नीती समितीची परवानगी घेऊन पांढऱ्या उंदरांचे सहा-सहाचे चार गट करतात. पहिल्याला नुसते तेल. दुसऱ्याला तेलातून क्लोरपायरीफॉस हे फवारणीचे कीटकनाशक, वजनाच्या किलोमागे १३.५ मिलिग्रॅम, निम्मे उंदीर मरतील त्या मात्रेचा हा साधारण दहावा भाग. तिसऱ्याला विष आणि अर्क, चौथ्याला फक्त अर्क. चौथा गट गाळला, तर अर्कच यकृताला बाधतो का हे कळत नाही.

मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅम धरली, तर २०० ग्रॅमच्या उंदराला ४० मिलिग्रॅम अर्क २ मिलिलिटर पाण्यात, बोथट नळीने थेट जठरात द्यायचा. नळी अडली तर रेटू नये. श्वासनलिकेत शिरली तर जनावर हातातच दगावते. हे रोज, २८ दिवस.

मग रक्त. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतली एसजीपीटी, एसजीओटी ही विकरे (एन्झाइम) रक्तात वाढतात. पण रक्त घाईने ओढून तांबड्या पेशी फुटल्या, तरी एसजीओटी वाढलेले दिसते. म्हणून गुलाबी झालेला सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचा, नमुना टाकून द्यावा. खरी साक्ष यकृताचा पातळ काप काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मिळते: विष दिलेल्या यकृतात मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत पोकळ्या पडलेल्या असतात. अर्काच्या गटात त्या कमी दिसल्या, तरच संरक्षण झाले म्हणायचे.

इथे एक गोष्ट नीट ऐका. या प्रयोगात अर्क विषासोबतच, रोज, मोजून दिलेला असतो. विष भिनल्यावर काढा पाजणे ही वेगळीच गोष्ट. क्लोरपायरीफॉस नसांमधले कोलिनएस्टरेज हे विकर बांधून ठेवते. त्यावर दवाखान्यातले अॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिमच लागते.

फवारताना तोंडाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी झाली, की कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका. काढा उकळण्यात वेळ न दवडता दवाखाना गाठा. औषधाचा डबा सोबत न्या, लेबलासकट.