घाईचे जेवण: ठाण्यातून जगाकडे पाहताना

(दृश्य: पहाटे साडेपाच. ठाणे स्थानकाची पश्चिम बाजू. गाडीवरच्या कढईतले तेल तापते आहे.)

अजून उजाडायचे असते, तेव्हाच वड्यांचा पहिला घाणा कढईत पडतो. लोकलला दोन मिनिटे उरलेली असताना माणूस येतो, मोबाइलने पैसे देतो, कागदात गुंडाळलेला वडापाव घेतो आणि जिन्याकडे वळतो. या सगळ्यात कोणी कोणाशी एक शब्दही बोललेले नसते. पण या गिऱ्हाइकाला सुकी चटणी जास्त लागते आणि तळलेली मिरची नको असते, हे गाडीवाल्याला ठाऊक असते.

याच ठाण्यात 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली, भारतातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी येऊन पोहोचली. ते सुमारे 34 किलोमीटरचे अंतर होते. आज याच मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या माणसाचे खाणे भुकेपेक्षा वेळापत्रकाने ठरते, आणि ज्या पदार्थाने ही अडचण सोडवली तोही रेल्वेच्याच आश्रयाने वाढला. वडापावाचे श्रेय सर्वसाधारणपणे अशोक वैद्य यांना दिले जाते. 1966 च्या सुमारास त्यांनी दादर स्थानकाबाहेर बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली. पाळीवर जाणाऱ्या गिरणी कामगाराला ताट-वाटी नको होती. एका हातात धरता येईल, चालता चालता संपेल आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देईल, असे काहीतरी त्याला हवे होते.

आपण ज्याला अस्सल मराठी खाणे म्हणतो, त्यातला बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली आहे आणि ‘पाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला आहे. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून 1737 मध्ये जिंकून घेतला. पोर्तुगीज गेले, पाव मात्र राहिला. झटपट खाण्याबद्दल ‘आपले’ आणि ‘परके’ असा वाद जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा मला ही वड्यांची गाडी आठवते.

घाई तर जगात सगळीकडे आहे, आणि ती आजची नाही. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात रस्त्याच्या कडेला दगडी ओटे सापडले आहेत. त्यांत मोठे रांजण बसवलेले असत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांतून शिजलेले अन्न मिळे. 2020 मध्ये तिथल्या अशाच एका दुकानाचे उत्खनन पूर्ण झाले, तेव्हा ओट्यावर बदकांची आणि कोंबड्याची रंगीत चित्रे दिसली. देशोदेशी फरक पडतो तो एका गोष्टीत. स्वतःला रांधायला वेळ नसेल तेव्हा माणूस कोणाच्या हातचे खातो? यंत्राच्या, कारखान्याच्या, फेरीवाल्याच्या की शेजारणीच्या? या निवेदनात आपण या एकाच प्रश्नाचा माग घेणार आहोत.

(दृश्य: कढईत फुगणारा वडा. त्यावरून लांबट, सारख्या आकाराच्या बटाट्याच्या कापांवर.)

अमेरिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर सर्वांत जास्त पसरले, म्हणून ते आधी पाहू. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो या गावी मॅकडोनल्ड बंधूंचे एक उपाहारगृह होते. ते चांगले चालत होते, तरीही 1948 मध्ये त्यांनी ते काही महिने बंद ठेवले आणि नव्या पद्धतीने उघडले. पंचवीस पदार्थांची यादी त्यांनी नऊवर आणली, मोटारीपर्यंत खाणे नेऊन देणाऱ्या नोकरांना कामावरून काढले, चिनी मातीच्या बशांऐवजी कागद आणला आणि हॅम्बर्गरची किंमत पंधरा सेंट ठेवली. नव्या स्वयंपाकघराचा आराखडा ठरवताना टेनिसच्या मैदानावर खडूने रेघा आखून, कोणता माणूस कुठे उभा राहील आणि किती पावले टाकील, हे त्यांनी तपासले. मोटारींच्या कारखान्यात कामाचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा देण्याची जी रीत होती, ती चुलीपाशी आली. एक जण फक्त तव्यापाशी, एक जण फक्त बटाट्यांपाशी. स्वयंपाक येणारा माणूस आता लागेनासा झाला, कारण जे कौशल्य पूर्वी हातात होते ते यंत्रांत आणि नियमांत गेले. पुढे 1955 मध्ये रे क्रॉक यांनी इलिनॉय राज्यात आपले पहिले दुकान काढले आणि ही पद्धत हजारो ठिकाणी जशीच्या तशी उभी राहिली.

बटाट्याचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. आरंभी या दुकानांत ताजे बटाटे सोलून, कापून तळले जात. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा आयडाहो राज्यात कापून, अर्धवट तळून गोठवलेल्या बटाट्यांनी घ्यायला सुरुवात केली. आपला वडेवाला वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून आलेले पोते फोडतो, बटाटे उकडतो, हाताने कुस्करतो आणि त्या दिवशीचा बटाटा चिकट आहे की भुसभुशीत, हे बोटांना कळल्यावर सारणाचा अंदाज बदलतो. गोठवलेल्या कापांना हा अंदाज लागत नाही, आणि ते सगळीकडे सारखे लागावेत म्हणूनच ती व्यवस्था उभारलेली आहे. माझे मत विचाराल, तर चवीपेक्षा जाणकारीचे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

तरीही या व्यवस्थेला प्रत्येक देशात काही ना काही सोडावे लागले. 1996 मध्ये मॅकडोनल्डच्या दुकानांची ही साखळी भारतात आली, ती गोमांस आणि डुकराचे मांस बाजूला ठेवून. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाच्या जागा वेगळ्या कराव्या लागल्या आणि काही काळाने आलू टिक्की पावात घालून विकायला आली. घोडबंदर रस्त्यावरच्या मॉलमध्ये आज कोणी ती खात असेल, तर ती बटाटावड्याची दूरची नातलगच आहे. फिलिपिन्समध्ये 1978 मध्ये सुरू झालेल्या जॉलिबी या स्थानिक साखळीने तळलेल्या कोंबडीबरोबर भात दिला, गोडसर स्पॅगेटी दिली, आणि स्वतःच्या देशात अमेरिकन साखळीला मागे टाकले. भात खाणाऱ्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, हे कोकणातल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

(दृश्य: टोकियोतले एक छोटे दुकान, रात्री दोन वाजता. कपाटात ओळीने मांडलेले भाताचे त्रिकोण.)

जपानचे उत्तर मला सर्वांत विचारपूर्वक दिलेले वाटते. महायुद्धानंतरच्या टंचाईत ओसाकामध्ये वाफाळत्या नूडल्सच्या टपरीसमोर थंडीत उभी असलेली माणसांची रांग मोमोफुकु आंदो यांनी पाहिली होती. नूडल्स घरी साठवून ठेवता याव्यात आणि नुसत्या गरम पाण्याने तयार व्हाव्यात, यासाठी त्यांनी घरामागच्या शेडमध्ये प्रयोग केले. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की त्यांतले पाणी निघून जाते आणि बारीक छिद्रे उरतात. त्याच छिद्रांतून पुढे गरम पाणी आत शिरते. ऑगस्ट 1958 मध्ये त्या बाजारात आल्या तेव्हा ताज्या नूडल्सपेक्षा महाग होत्या. 1971 मध्ये त्या पेल्यात आल्या, आणि आज जगभरात वर्षाला शंभर अब्जांहून अधिक वेळा कोणीतरी अशा नूडल्सवर गरम पाणी ओततो. आपल्याकडे 1983 मध्ये मॅगी आली, आणि ‘दोन मिनिटे’ ही वेळेची नवी मापपट्टी मराठी घरांतही रुजली. आपण मात्र तिच्यात कांदा, टोमॅटो, मटार घालून तिची भाजी करून टाकली. पाकिटातले जसेच्या तसे खाणे आपल्या घरांना पुरेसे वाटले नाही.

जपानच्या कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकाने हा या उत्तराचा दुसरा भाग आहे. सेव्हन-इलेव्हन या अमेरिकी नावाचे जपानमधले पहिले दुकान मे 1974 मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात उघडले. आज त्या देशात सगळ्या कंपन्यांची मिळून अशी पन्नास हजारांहून अधिक दुकाने आहेत. तिथे मिळणारा ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका, बाहेरून समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा. तो पापुद्रा भाताला लागून राहिला तर मऊ पडतो, म्हणून दोहोंमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा ठेवलेला असतो, आणि वेष्टन एका ठरलेल्या क्रमाने ओढले की पडदा निघून जाऊन पापुद्रा भाताभोवती कुरकुरीत बसतो. कारखान्यात तयार होणाऱ्या मुटक्यासाठी एवढा विचार केलेला पाहिला की, त्या लोकांनी घाईतही खाणाऱ्याच्या जिभेचा मान ठेवला, असे मनापासून म्हणावेसे वाटते.

सिंगापूरने यंत्राकडे न जाता फेरीवाल्याकडेच जायचे ठरवले. तिथेही एके काळी आपल्यासारखेच रस्त्यावर शिजवणारे हजारो विक्रेते होते, सांडपाण्याचा आणि घाणीचा प्रश्नही होता. सरकारने त्यांची नोंदणी केली आणि 1971 ते 1986 या काळात त्यांना पाणी, वीज आणि गटारांची सोय असलेल्या छपराखाली नेले. चुलीपाशी मात्र तीच माणसे राहिली. या ‘हॉकर’ संस्कृतीचा डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. आपल्याकडे पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये झाला. तरी ठाणे-नवी मुंबईच्या स्थानकांबाहेर ‘गाडी आली’ अशी हाक उठताच कढई उचलून पळणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. ती गाडी लोकल नसते. तापलेल्या तेलासह धावणाऱ्या त्या माणसाला पाहून माझ्या पोटात दरवेळी गोळा येतो. त्याला नळ, गटार आणि एक ठरलेली जागा मिळाली, तर आपलेच खाणे अधिक स्वच्छ होईल.

इटलीचे नाव निघाले की सावकाश जेवणाचा विषय येतो. 1986 मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनल्डचे दुकान उघडले, त्याला विरोध झाला आणि कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी राहिली. 1989 मध्ये पॅरिसमध्ये तिच्या जाहीरनाम्यावर अनेक देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. पण त्याच इटलीत माणसे सकाळची कॉफी उभ्या उभ्या दोन घोटांत संपवतात आणि नेपल्समध्ये चौघडी घातलेला पिझ्झा रस्त्यात चालताना खातात. तेव्हा त्यांचा राग वेगाविषयी कमी आणि ओळख पुसली जाण्याविषयी जास्त असावा.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये भारतातून गेलेल्या लोकांनी अख्ख्या पावाचा गर काढून, त्या पोकळीत घेवड्याची किंवा मटणाची रस्सेदार आमटी भरून विकायला सुरुवात केली. त्याला बनी चाऊ म्हणतात. मजुराला भांडे नको, पान नको. पाव हेच भांडे. मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या ठाणेकराला हा पदार्थ एका घासात कळेल.

(दृश्य: मोठ्या कढईतले काळपट तेल. हळूहळू शांत होणारे बुडबुडे.)

तब्येतीचा विषय टाळून हे निवेदन पुढे नेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डेन्मार्कने 2003 मध्ये कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक अशा एका प्रकारच्या मेदावर, मर्यादा घातली. भारतात जानेवारी 2022 पासून तेलांत आणि मेदांत ते दोन टक्क्यांहून अधिक चालत नाही. चिलीने 2016 पासून जास्त साखर, मीठ, मेद असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का छापायला लावला, आणि तो वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतो. आपल्याकडे तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवल्यावर त्यात साचणाऱ्या घातक घटकांसाठीही पंचवीस टक्क्यांची मर्यादा 2018 पासून लागू आहे. वडा कितीही आपला असला तरी कालचे तेल आज, आजचे उद्या, हे चालणार नाही. तिथे मला माझ्या गावाच्या गाडीची बाजू घेता येत नाही.

(दृश्य: संध्याकाळची लोकल, महिलांचा डबा. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथी.)

आणि आता मूळ प्रश्नाकडे. अमेरिकेत 1950 च्या दशकात स्वान्सन कंपनीने ॲल्युमिनियमच्या खणांच्या ताटात गोठवलेले पूर्ण जेवण विकायला आणले. टर्की, मटार, रताळे, सगळे भट्टीत ठेवून सुमारे पंचवीस मिनिटांत गरम. घरच्या बाईचा वेळ कारखान्याने वाचवला. ठाण्याच्या बाईचा वेळ बरीच वर्षे कोणीच वाचवला नाही. माझी आई फोर्टमधल्या कचेरीतून परतताना गाडीतच मेथी निवडायची, मटार सोलायची. समोरच्या बाकावरची अनोळखी बाई न विचारता दोन मुठी शेंगा आपल्या मांडीवर घ्यायची. मुलुंड येईपर्यंत भाजी तयार असे, आणि ठाण्याला उतरल्यावर फोडणी तेवढी उरे.

याच गरजेतून इथे पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली, आणि घाईच्या जेवणाचे हे रूप मला जगातल्या इतर सर्व रूपांइतकेच महत्त्वाचे वाटते. नौपाड्यापासून नेरूळपर्यंत, इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका गाळ्यात चार-पाच बायका, दोन मोठे तवे, भाज्यांची पातेली आणि भिंतीवर खडूने लिहिलेला फळा: आज मटकी, भरली वांगी, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. इथे गोठवलेले काही नसते. सकाळचे सकाळी आणि रात्रीचे रात्री विकले जाते. एकटा राहणारा तरुण दोन पोळ्या नेतो, सांधे धरलेल्या आजी फक्त पोळ्या नेतात आणि वरण-भात घरी लावतात, नोकरीवरून परतलेली सून अळूवड्यांचा उंडा घेऊन घरी तळते. कारखान्याच्या ताटात जेवण पूर्णच मिळते. इथे ज्याला जेवढा भार उतरवायचा असेल तेवढाच उतरवता येतो.

(दृश्य: रात्रीचे साडेआठ. तव्यावर फुगणारी पोळी, पिठाने माखलेले हात.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी तव्यापाशी बसलेल्या मावशींना मी विचारले, “मावशी, दिवसभरात किती पोळ्या होतात तुमच्या हातून?”

“मोजत नाही हो. पीठ संपलं की थांबायचं.”

“आणि घरी? घरचं कोण करतं?”

“मीच. साडेचारला उठते, सगळ्यांचे डबे भरते, मग कळव्याहून इकडं येते.” त्यांनी पोळी उलटली, कडा फडक्याने दाबली, आणि काउंटरवरून हाक आली तशी मोजून सहा पोळ्या कागदात बांधून पुढे सरकवल्या.