कावळा दारात उभा आहे

(दृश्य : दुसरीचा वर्ग. सतरंजीवर अर्धगोलात बसलेली मुलं. बाईंच्या हातात मोठ्या चित्रांचं पुस्तक.)

धो धो पाऊस. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलंय. भिजलेला कावळा चिमणीच्या दारात उभा आहे. "चिऊताई, चिऊताई, दार उघड!" आतून उत्तर येतं, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे."

बाई इथे थांबतात. पान उलटत नाहीत.

घर पक्कं बांधावं, आळस करू नये, हे सांगायला मोठी माणसं ही गोष्ट वापरतात. मुलांचा जीव मात्र बाहेर कुडकुडणाऱ्या कावळ्यात अडकतो. "तिने लगेच दार का नाही उघडलं?" दुसऱ्याच्या अडचणीबद्दल बोलायला याहून चांगली जागा मिळणार नाही, आणि शेवटचं तात्पर्य गाठायच्या घाईत नेमकी तीच निसटते.

(दृश्य : पुस्तकाचं पान जवळून. बाईंचं बोट चित्रावर.)

गोष्टीतून मुलांशी असं बोलणं व्हायला हवं, तर एकच पुस्तक आठवडाभरात तीनदा वाचायचं. आठ-दहा मुलं, दहा-बारा मिनिटं. पुस्तक छातीशी न धरता खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे. पहिलं वाचन सलग, एकही प्रश्न न विचारता. गोष्टीत काय घडतं हेच कळलं नसेल, तर मूल त्यावर विचार कसा करणार? दुसऱ्या वाचनात, पात्राला काहीतरी ठरवायचं असतं त्या पानावर थांबायचं. "आता चिमणी काय करेल? तू काय केलं असतंस?" विचारून झालं की मनात पाचपर्यंत मोजायचं. बहुतेकदा मोठी माणसं दोन मोजायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तिसऱ्यांदा गोष्ट मुलांनी सांगायची किंवा करून दाखवायची.

"चिमणीचं चुकलं ना?" असं विचारू नये. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. मुलं एका सुरात "हो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

(दृश्य : पुस्तकांचं कपाट.)

कोणती गोष्ट निवडायची, यालाही महत्त्व आहे. 2014 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. 'लांडगा आला रे' ऐकून मुलांचा खरेपणा वाढला नाही. चेरीचं झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची दंतकथा ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. तिच्यात खरं बोलल्याबद्दल शाबासकी आहे. तोच शेवट बदलून खोटं बोलल्याचे वाईट परिणाम दाखवले, तेव्हा हा फरक उरला नाही. खोटं बोलल्यावर काय होतं, हे मुलांना ठाऊकच असतं. खरं बोलल्यावर काय होतं, ते त्यांना दिसावं लागतं.

टोरांटोतल्या दुसऱ्या एका प्रयोगात, माणसांची पात्रं असलेली वाटून घेण्याची गोष्ट ऐकल्यावर मुलांनी आपले जास्त स्टिकर दुसऱ्यांना दिले. तीच गोष्ट प्राण्यांची केली, तेव्हा तसं झालं नाही. म्हणून काही चिऊ-काऊ कपाटात बंद करायचे नाहीत. प्राण्यांच्या गोष्टीनंतर पूल आपण बांधायचा : "वर्गात कोणी डबा विसरला, तर?"

(दृश्य : रात्र, घर. आई आणि मुलगा, मध्ये पुस्तक.)

घरी एक घोटाळा हमखास होतो. दुपारी मूल खोटं बोललं, की रात्री खोट्याची गोष्ट काढली जाते. मुलाला ती शिक्षाच वाटते, आणि मग पुस्तकाशीच वैर धरलं जातं. निदान चार-आठ दिवस जाऊ द्यावेत.

कधी मूल चिमणीचीच बाजू घेतं : "बाळ आधी, मग कावळा!" तेव्हा दटावू नये. "का बरं?" एवढंच विचारावं, आणि पुन्हा पाचपर्यंत मोजावं.